बारशाआधीची मुलं

आता सांगतो ते माझ्या बायकोला माहीत नाही, थोरल्या भावाला माहीत नाही, आणि ज्यांना कळायला हवं होतं त्या गल्लीतल्या बायकांना तर नाहीच नाही. इतकी वर्षं तोंड शिवून बसलो. का? भीती. आधी नोकरीची, मग अब्रूची. आता नोकरी संपली, अब्रूचं कुणी विचारत नाही — आणि नेमकं आता माझं धैर्य जागं झालंय. काय सोयीचं धैर्य आहे बघा! तुम्ही मला मोठ्या मनाचा वगैरे समजायला लागाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तसलं काही नाही.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्यानंतरची ही दोन-तीन वर्षं. शहराला एकाएकी स्वच्छतेचं वेड लागलं होतं. रस्ते झाडले जात होते, नाक्यानाक्यावर नव्या कचरापेट्या, हॉटेलवाले हातमोजे घालून भजी तळताहेत. आणि झाडूवाल्यांच्या मागोमाग आले सर्व्हेवाले. कुणी उंदरांची चौकशी करतोय, कुणी गटारांची, कुणी तापाची. आमच्या नवागामात तर एका महिन्यात तीन-तीन टोळ्या यायच्या. बायका वैतागून म्हणायच्या, लिहून नेतात सगळे, परत येऊन सांगत कुणीच नाही. खरंच होतं ते.

तर त्यातल्या एका टोळीत मी होतो.

मी कोण? लूमवर काम करणाऱ्या माणसाचा मुलगा. बापाने शिरपूरकडचं गाव सोडलं आणि नवागामात लूमच्या खात्यात — कारखान्याला आम्ही खातंच म्हणतो — उभ्याने आयुष्य घालवून मला बी.ए. केलं. घरात अहिराणी, खात्यात हिंदी, दुकानात गुजराती. आणि मी? मी छापील मराठी बोलायचो. आईशीसुद्धा! ती बिचारी 'काय सांगस रे भाऊ' म्हणून तोंडाकडे बघत राहायची आणि शेजारणींना अभिमानाने सांगायची, मना पोर्‍या साहेब व्हयी गया. मला तिची लाज वाटायची. गल्लीची वाटायची, त्या भाषेची वाटायची, दारात वाळत घातलेल्या लुगड्यांची वाटायची. सव्वीस वर्षांचा घोडा होतो मी, लहान नव्हतो.

गंमत म्हणजे नोकरी मिळाली ती त्याच भाषेमुळे. बाळंतपणं आणि तान्ही मुलं यांचा अभ्यास करणारी एक संस्था होती. तिच्या डॉक्टरसाहेबांना खानदेशी बायकांशी बोलू शकणारा माणूस हवा होता. काम सरळ होतं. कुठल्या वस्तीत किती तान्ही मुलं दगावतात ते घरोघर जाऊन विचारायचं, त्याचा अहवाल वरच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवायचा, आणि त्यावरून ठरणार होतं की बाळंतपणाचं नवं केंद्र आधी कुठल्या वस्तीत काढायचं. डॉक्टरीण कायम हजर असलेलं केंद्र. नवागामातल्या बायांना तोवर एक तर सुईण, नाहीतर रिक्षात घालून रेल्वेच्या फाटकापलीकडे दूरचा दवाखाना. फाटक बंद असलं तर रिक्षातच काय व्हायचं ते व्हायचं.

डॉक्टरसाहेब भला माणूस. त्यांचं एक पालुपद होतं — ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती परत सांगितली पाहिजे, नाहीतर ती चोरी. मला हसू यायचं. कोण वाचणार होतं ते, लूमवाले?

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला फॉर्म दाखवला आणि विचारलं, काही सुटलंय का? मी उभा राहिलो. आणि मी त्यांना ती गोष्ट सांगितली जी तिथे फक्त मलाच ठाऊक होती. आमच्यात बारसं होईपर्यंत मूल घरचं धरत नाहीत. बारशाआधी गेलं तर त्याचा उच्चार करायचा नाही. पोरं किती, असं विचारलं तर बाई ते मोजतच नाही. खोटं बोलत नसते ती. मोजलं किंवा मनातलं नाव तोंडावर आणलं तर ते पुढच्या लेकराच्या मुळावर येतं, असं पक्कं डोक्यात बसलेलं असतं. तेव्हा तुमचा प्रश्न फुकट जाणार. सासू बाहेर गेल्यावर, खाली बसून, वेगळ्या शब्दांत विचारावं लागेल — 'पाळण्यात घालायच्या आधी कुणी गेलं का?'

डॉक्टरसाहेबांनी खुर्चीवरून उठून माझा हात हातात घेतला. सगळ्यांसमोर. म्हणाले, ह्या एका प्रश्नासाठी आपण सगळे ह्याचे ऋणी आहोत. फॉर्म नव्याने छापला, त्यात माझा प्रश्न घातला. मी दोन दिवस जमिनीवर चालत नव्हतो.

आणि मग? मग तो प्रश्न मी एकाही घरात विचारला नाही.

थांबा, अजून मूळ गोष्टीवर आलेलो नाही. हे तर नुसतं अंगचोरपण. 'हो' असं उत्तर आलं की प्रत्येक मुलामागे चार पानांची वेगळी पुरवणी भरायची होती. किती दिवसांचं होतं, रडलं होतं का, अंगाला ताप होता का, नाळ कशाने कापली. म्हणजे बाईसमोर खाली बसायचं, ती रडणार, पदर तोंडात कोंबणार, आपण थांबायचं, मग पुढचा प्रश्न. कोण करणार ते? मला कंटाळा यायचा. खरं सांगू का — किळस यायची. त्या खोल्यांची, त्या रडण्याची, माझ्याच माणसांची. मी उंबऱ्यात उभ्याउभ्या विचारायचो, सासू समोर बसलेली असायची, सून मान खाली घालून आकडा सांगायची, आणि माझ्या प्रश्नापुढे मी आडवी रेघ मारायचो. चला, पुढचं घर.

कतारगामकडे एक मुलगी काम करायची आमच्यातली. ती रोज निम्मीच घरं करून परत यायची, डोळे सुजलेले, फॉर्म चुरगळलेले, कुठे पाण्याचे डाग. मी तिची नक्कल करून दाखवायचो ऑफिसात आणि लोक हसायचे. माझे फॉर्म सगळ्यांत स्वच्छ, सगळ्यांत आधी. डॉक्टरसाहेब ते इतरांना दाखवायचे, असं काम हवं म्हणून. हुशार माणूस, पण माझ्यावर विश्वास ठेवण्याइतका खुळा.

झालं काय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. अहवालात कतारगाम, कोसाड सगळीकडे तान्ही मुलं दगावताना दिसली. नवागामात जवळजवळ नाहीच! काय ते आमचं नवागाम! गटाराच्या कडेला, पत्र्याखाली, अर्धपोटी बायांची पोरं आणि एकही मरत नाही. एखाद्या शेंबड्या पोरालाही शंका आली असती. पण कागदावर होतं ना, आणि तेही माझ्या सुंदर अक्षरात.

अहवाल छापायच्या आधी डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या पालुपदाप्रमाणे सभा घेतली. एका शाळेच्या हॉलमध्ये. पुढच्या ओळीत वरचे अधिकारी, भिंतीवर नकाशे, आणि मागे प्रत्येक वस्तीतली दोन-चार माणसं. नवागामातून बोलावली होती सोनामाय.

सोनामाय आमची सुईण. अर्धी गल्ली तिच्या हातावर जन्मली होती, मीसुद्धा. ती आली ती धुतलेलं लुगडं नेसून, पायात कुणाच्या तरी मागून आणलेल्या चपला. मागच्या खुर्चीवर अगदी कडेला टेकून बसली. मी तिला ओळख दाखवली नाही. अधिकारी बघत होते ना!

डॉक्टरसाहेबांनी हिंदीत समजावून सांगितलं. नकाशावर छडी ठेवून म्हणाले, नवागामात तान्ही मुलं फारशी दगावत नाहीत, तेव्हा केंद्र आधी दुसरीकडे. पुढे हेही म्हणाले की पंधरा दिवस थांबू, काही चुकलं असेल तर सांगा, दुरुस्त करू, मगच छापू. आणि विचारलं, कुणाला काही बोलायचंय?

सोनामाय उभी राहिली. शब्द एकदा सुटले ते थांबेनात. कुठल्या घरात कितव्या दिवशी काय झालं, कुणाचं बाळ रिक्षात गेलं, कुणाचं फाटकाशी, बोटांवर मोजत सांगत होती. शेवटी सरळ त्या अधिकाऱ्यांकडे हात करून म्हणाली, "ज्या पोरेस्नं नाव नई ठेवं, त्या पोरे नव्हतात का?" नाव ठेवलं नाही म्हणून ती पोरं नव्हती का — विचारा तुमच्या फारमवाल्याला, त्याने हे विचारलंच नाही कुणाला.

फारमवाला म्हणजे मी.

पुढच्या ओळीतले साहेब वळले. "शुं कहे छे आ माजी?" काय म्हणतायत ह्या आजी? डॉक्टरसाहेबांना अहिराणी येत नव्हती, त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. साहेब, ती म्हणते ते खरं आहे, फॉर्म मी नीट भरले नाहीत. फार तर नोकरी गेली असती. मेलो असतो का मी?

मी उभा राहिलो आणि सांगितलं की माजी आपले आभार मानतात, ह्या कामामुळे बायकांना पुष्कळ कळलं असं म्हणतात. आणि हे इंग्रजीत सांगितलं. मोडकंतोडकं माझं इंग्रजी! तरी इंग्रजीतच. कारण गुजराती आणि हिंदी सोनामायला कळत होती. एवढा विचार तेवढ्या क्षणात सुचला मला. चांगलं काही सुचायला मात्र वर्षं लागतात.

एका अधिकाऱ्याच्या कानावर मधला शब्द पडला असावा. त्याने विचारलं, नावाबद्दल काहीतरी म्हणत होत्या ना? मी म्हटलं, हो साहेब, बायकांची नावं कुठे छापू नका अशी विनंती आहे. ते म्हणाले, अर्थात, अर्थात, आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. सोनामायला वाटलं मी खरं ते सांगितलं आणि साहेबांना आपलं म्हणणं पटलं. तिने हात जोडले. बाहेर पडताना माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "देव तुनं भलं करो." मी घाईत आहे असं दाखवून निघालो.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. भित्रा माणूस, खोटं बोलला, संपलं. असल्या भित्र्या माणसांनी ऑफिसं भरलेली आहेत, त्यासाठी कशाला तुमचा वेळ घेतला असता?

सोनामायने काय केलं ते ऐका. तिने ते पंधरा दिवस मनावर घेतले. साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे आता फक्त मुलं लिहून द्यायची राहिली असं तिला वाटलं. ती घरोघर गेली. दुपारी पुरुष खात्यात असताना, सासवा झोपलेल्या असताना. बायकांना काय सांगितलं, कसं पटवलं, देव जाणे. तिसऱ्या दिवसापासून बायका माझ्या दारात यायला लागल्या.

एकेकटी यायची. दारात उभी राहायची, इकडेतिकडे बघायची आणि खालच्या आवाजात सांगायची. कितव्या दिवशी गेलं. मुलगा की मुलगी. आणि — हे मला अजून कळत नाही — नाव सांगायची. मनातल्या मनात ठरवलेलं, बारशाला ठेवणार होती ते. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना नाव सांगा म्हणून. सोनामाय सभेत नावाबद्दल बोलली, ते गल्लीत फिरून असं झालं असावं की नाव लिहिलं तरच साहेब मूल धरतात. त्या बायकांच्या समजुतीप्रमाणे नाव उच्चारलं की पोटातल्या किंवा मांडीवरच्या दुसऱ्या लेकराच्या जिवाला धोका होता. तरी आल्या. एक तर पोटुशी होती, दिवस भरत आले होते तिचे. नाव सांगितलं आणि दोन्ही हात पोटावर धरून उभी राहिली.

मी लिहून घेतलं. नाही कसं म्हणणार? घरात वहिनी बसलेली. ऑफिसच्या लांब कागदावर, एकाखाली एक, माझ्या त्याच सुंदर अक्षरात. पुढची बाजू भरली, मागची भरत आली. जे काम डॉक्टरसाहेबांच्या सगळ्या संस्थेला जमलं नव्हतं ते त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायकांनी आपणहून माझ्या हातात आणून दिलं. तो कागद फक्त टेबलावर ठेवायचा होता. नवागामाचा आकडा बदलला असता, केंद्र आमच्याकडे आलं असतं. पंधरा दिवसांतले अजून सहा शिल्लक होते.

त्या संध्याकाळी वहिनी चहाचा कप ठेवायला आली आणि उभीच राहिली. माझ्या थोरल्या भावाची बायको. माझं जेवणखाण, कपडे सगळं तीच बघायची. म्हणाली, "भाऊ, मनी बी लिखी ल्या."

तिची पहिली मुलगी आठव्या दिवशी गेली होती. दादा आणि मीच घेऊन गेलो होतो तिला. दादाला खड्डा खणवेना, तो बाजूला बसून राहिला, म्हणून मी खणला. माझ्या हातांनी ठेवलं तिला आत. आणि सर्व्हेच्या वेळी माझ्याच घराचा फॉर्म मी याच वहिनीने दिलेला चहा पीत भरला होता, आणि त्या प्रश्नापुढे आडवी रेघ मारली होती. तिला विचारायचीही गरज नव्हती मला. मला माहीत होतं!

मी कागद पुढे ओढला. तिने नाव सांगितलं. मग विचारलं, बरोबर लिहिलं ना? तिला वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, हो. ती कागदावरच्या त्या ओळीकडे बघत राहिली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्याने रडली. मला काय वाटलं सांगू? वाटलं, आता ही लवकर आत गेली तर बरं.

दुसऱ्या दिवशी कागद पिशवीत घालून सायकलवर निघालो. ऑफिसात तो टेबलावर ठेवला तर पहिला प्रश्न काय येणार? हे आधी का नव्हतं? तुझ्या फॉर्मवर रेघा कशा? ज्या प्रश्नासाठी माझा हात हातात घेतला होता, तोच प्रश्न. उधन्याच्या वाटेवर एका नाक्याशी उतरलो. कागदाचे बारीक बारीक तुकडे केले. आणि रस्त्यावर नाही टाकले हो, नव्या सुरतेचा शहाणा नागरिक मी — कचरापेटीत टाकले. हात झटकले. ऑफिसला वेळेवर पोचलो.

अहवाल छापून झाला. चांगला जाड, इंग्रजीत. वरच्या लोकांनी वाचला, त्यावरून ठरवलं, केंद्र दुसरीकडे निघालं. संशोधन कामी आलं असं डॉक्टरसाहेब मनापासून म्हणाले. मला बढती मिळाली, नंतर दुसऱ्या संस्थेत त्याहून चांगली नोकरी. सोनामाय भेटली की विचारायची, केंद्राचं काय झालं? मी म्हणायचो, फाइल वर गेली आहे. ती मान हलवायची. दुसऱ्या बायांना समजवायची की भाऊ प्रयत्न करतोय, साहेब लोकांचं काम असंच सावकाश असतं. ती मरेपर्यंत मी तिला हेच सांगत राहिलो. त्या काळात नवागामात आणखी किती गेली? मला माहीत नाही. मोजायला मीच होतो ना.

गल्लीत माझ्याबद्दल आजही बरं बोलतात. पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, ह्याने आपल्यासाठी साहेबांशी बोलणं केलं होतं. मी ऐकून घेतो. मान जरा खाली घालतो, विनयाने. तेही मला छान जमतं.

त्या कागदावरचं एकही नाव मला आठवत नाही. त्या बायकांसाठी रोज आठवत बसलो असं सांगितलं असतं तर कानाला बरं वाटलं असतं, पण नाही आठवत. वहिनीने सांगितलेलंही नाही. तिने ते आयुष्यात एकदाच उच्चारलं, माझ्यापुढे, आणि मी ते लिहिताना खिडकीबाहेर बघत होतो. वहिनी आहे अजून, माझ्याच घरात, पलीकडच्या खोलीत. विचारलं तर सांगेलही. पण तिला वाटतं ते कुठेतरी लिहिलेलं आहे.